सीमाभागात पालक-सत्रं घेणाऱ्या कार्यकर्त्यांना तयार कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका संस्थेनं पालकत्वाचा कार्यक्रम हाती घेतलाय. पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत आणलेली आहे. गावातल्याच चौदा बायका कार्यकर्त्या म्हणून निवडल्यात. घरं विडी कामगारांची, ऊसतोडीच्या टोळ्यांची, काही देवदासी बायकांची, आणि बऱ्याच घरांत दारू. प्रशिक्षणाला तीन दिवस मिळालेत. संस्थेतल्या ताईंनी विचारलंय की पुस्तिका आपल्या संस्कृतीला धरून कशी करायची आणि तीन दिवसांत काय काय बसवायचं. जाता जाता त्यांनी एक तक्रारही लिहिलीय: सराव म्हणून घेतलेल्या पहिल्या बैठकीत बायका गप्प बसल्या, माना डोलावल्या आणि उठून गेल्या.

बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत मी बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे असं मला वाटतं. समोर कुणी शिकवायला उभं राहिलं की कसं वागायचं हे आपल्याकडच्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. पदर सावरून बसायचं, हो म्हणायचं, सही करायची आणि चूल गाठायची. अंगणवाडीची बैठक, बचत संघाची बैठक, फायनान्सवाल्यांची हप्त्याची बैठक, सगळीकडे हेच चालतं. तुमच्या कार्यकर्तीनं पुस्तिका उघडून वाचायला घेतली की त्यांच्या लेखी ही आणखी एक बैठक. पात्रांची नावं बदलून पार्वती आणि मल्लव्वा केली, चित्रातल्या बाईला नऊवारी नेसवली, मध्ये एखादी ओवी घातली, तरी मान डोलावणं थांबत नाही. ही सजावट जरूर करा, एका दुपारचं काम आहे. प्रशिक्षणाचे दिवस मात्र त्यात घालवू नका. ते दिवस कार्यकर्तीला विचारायला शिकवण्यात घालवा. या घरात दिवस कसा जातो, पोर दिवसभर कुणाजवळ असतं, मार कधी पडतो, लाज कशाची वाटते. उत्तर ऐकून घेतल्यावर पुस्तिकेतली गोष्ट त्या घरात कुठे बसेल ते तिनं तिथल्या तिथे शोधायचं. संस्कृतीला धरून काम करणं मी याला म्हणते.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगते. कार्यकर्त्या कोणत्या आळीतल्या आहेत आणि कोणत्या आळीत जाणार आहेत, यावर बरंच ठरतं. काम गळिताच्या हंगामात येतं की पावसाळ्यात, यावर गट घ्यायचा की गृहभेटी हे ठरतं. चिकोडी-अथणीकडच्या कारखान्यांवर बीड आणि विजयपूरकडून टोळ्या येतात. पहाटे अंधारात फडावर गेलेली बाई संध्याकाळी खोपीवर येते ती भाकरी थापायलाच, तिला दीड तासाचं सत्र जमणारच नाही. तिथं चुलीपाशी वीस मिनिटं बसायची तयारी हवी, आणि बारा सत्रांचा कार्यक्रम टोळी परत जायच्या आत संपेल असा आखायला हवा. बाळ बरेचदा दहा-बारा वर्षांच्या बहिणीच्या काखेत असतं. तिला शिकवायचं की नाही यावर प्रशिक्षणात वाद होतोच. मी म्हणते, तिच्याशी बोला, पण तिला गटाच्या यादीत धरू नका, आणि तिच्या शाळेचं काय झालं ते आईला त्याच आठवड्यात विचारा.

आता पुस्तिकेत काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये पालकत्वाच्या कार्यक्रमांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याआधी २०१२ पासून 'पॅरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ' नावानं जे कार्यक्रम तयार झाले, ते दक्षिण आफ्रिकेत गरीब वस्त्यांमध्ये तपासून पुढे इतर देशांत गेले. अशा कार्यक्रमांचा गाभा साधारण सारखा असतो. आधी पालक आणि मूल यांच्यातलं नातं, एकत्र वेळ, चांगल्या वागण्याची दखल. नियम आणि शिस्त त्यानंतर. सत्रात प्रत्यक्ष करून बघायचं, घरी करायचं, पुढच्या वेळी काय झालं ते सांगायचं. हा क्रम आणि हा सराव मोडू नका. लोक 'मूल ऐकत नाही, ते आधी सांगा' म्हणतात आणि कार्यकर्ती शिस्तीचं सत्र पुढे घेते, हे नेहमी होतं. तसं करू द्यायचं नाही. गाभ्याचं बाहेरचं रूप मात्र खुशाल बदला.

कौतुकाचंच बघा. पुस्तिकेत बहुधा लिहिलं असेल की मुलाचं सर्वांसमोर कौतुक करा. आपल्याकडची आई तसं करणार नाही, कारण दृष्ट लागते. चार बायकांत 'माझं पोर किती गुणी' म्हणायला तिची जीभ उचलत नाही. आणि कार्यकर्तीनं कौतुक केलं, तर घरी जाऊन मीठ-मिरच्या ओवाळून टाकते. यावर 'ही अंधश्रद्धा आहे' असं भाषण झालं की सत्र संपलं म्हणून समजा. मुलाला आपण काय बरोबर केलं ते आईच्या तोंडून कळणं हा गाभा. ते चारचौघांत झालं पाहिजे असं कुठे आहे? रात्री अंथरुणावर कानात सांगू दे. आणि मुलाचं कौतुक करण्याऐवजी कामाचं करू दे: 'आज न सांगता ताट उचललंस.' ताटाला दृष्ट लागत नाही, आया हसून मान्य करतात. तसंच रागावलेल्या मुलाला थोडा वेळ वेगळं बसवण्याचं. एका खोलीच्या घरात वेगळी जागा आणायची कुठून? तिथं आईनंच दारापर्यंत जावं, तोंडावर पाणी मारावं, शेजारणीला दोन मिनिटं हाक मारावी. राग उतरायला वेळ मिळणं हा हेतू आहे, जागा कोणी बदलली याला महत्त्व नाही.

यापुढचा भाग सरावाचा, आणि माझे निम्म्याहून जास्त तास यातच जातात. एका कार्यकर्तीला आई करते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हातात दोरा. खरंखुरं सामान आणायला लावते, कारण रिकाम्या हातानं बसलेली खोटी आई फार गोड बोलते. दुसरी पोर होऊन तिचा पदर ओढते. तिसरी कार्यकर्ती म्हणून येते आणि पाठ केलेलं वाक्य म्हणते: 'ताई, रोज दहा मिनिटं फक्त मुलाला द्या, त्याच्याशी खेळा.' विड्या वळणारी लगेच म्हणते, 'बाई, सांजच्या आत हजार विड्या व्हायच्यात. खेळू कवा?' इथं दहातल्या आठ जणी समजावू लागतात. मुलाच्या मेंदूचा विकास, पहिली सहा वर्षं, वगैरे. मी थांबवते आणि म्हणते, आता समजावणं बंद, फक्त विचारायचं. मग हळूहळू असं काही निघतं:

'वळताना पोर कुठं असतं?'
'हितंच, पायाशी.'
'माल द्यायला कारखान्यात कोण जातं?'
'मीच.'
'त्याला नेता?'
'न्यावंच लागतंय, ठेवू कुणाकडं?'
'वाटेत काय बोलतो?'
'लई बडबडतंय. मी ऐकतोय कुठं, डोक्यात छाटीचाच इचार.'

झालं, दहा मिनिटं सापडली. जाताना माल आणि छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, हेच डोक्यात असतं, म्हणून येतानाची वाट धरायची. येताना पोर ज्याबद्दल बोलेल त्याबद्दलच बोलायचं, कुत्रं दिसलं तर कुत्र्याबद्दल. खेळणी नकोत, वेगळा वेळ नको. सरावात कुणीतरी हमखास सुचवते की पोराला विड्या मोजायला लावा, आकडेही शिकेल. तिथं मी ठाम नाही म्हणते. तंबाखूची धूळ पोराच्या नाकात जाते, आणि आज मोजणारं पोर उद्या दोरा बांधायला बसतं. घरच्या परिस्थितीशी जुळवून घेताना आपण कुठे घसरू शकतो, ते कार्यकर्त्यांना या उदाहरणातून चांगलं कळतं.

त्या संवादातली छाट लक्षात ठेवा. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही. कार्यकर्त्यांना मी एक प्रश्न आवर्जून विचारायला लावते: 'मार कोणत्या दिवशी पडतो?' पोर काय करतं म्हणून पडतो, हे विचारायचं नाही. त्याला 'लई दंगा करतंय' हे एकच उत्तर येतं. दिवस विचारला की आई स्वतःच थबकते. छाट जास्त निघाली त्या दिवशी. फायनान्सच्या हप्त्याच्या आदल्या रात्री. नवरा पिऊन आला त्याच्या दुसऱ्या सकाळी. हे तिच्या तोंडून आलं की पुढचं काम सोपं होतं, कारण त्या ठरावीक दिवसासाठी काय करता येईल एवढंच बोलायचं उरतं. एका बाईनं हप्त्याच्या दिवशी पोराला संध्याकाळपर्यंत आपल्या आईकडे ठेवायचं ठरवलं. पुस्तिकेत हे कुठे नसतं.

कार्यकर्त्यांचा स्वतःचा मारावर किती विश्वास आहे, हेही पहिल्याच दिवशी बाहेर काढा. बहुतेकींना वाटत असतं की मार खाल्ला म्हणून आपण मार्गी लागलो. शाळेत पोचवताना 'टीचर, ऐकला नाही तर द्या दोन' असं सांगणाऱ्या आयांपैकीच त्या आहेत. शाळेतल्या शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे हे सांगून मन बदलत नाही. मी जोड्या पाडून बसवते आणि प्रत्येकीला लहानपणचा एक मार सांगायला लावते: कुणी मारलं, कुठे, नंतर कोण जवळ आलं. चूक काय होती, हे बहुतेकींना आठवत नाही. मारणारा हात आठवतो. यावर मी काही बोलत नाही, चहाची सुट्टी देते. रडणाऱ्या निघतात, म्हणून हे सत्र दुपारच्या जेवणाआधी ठेवा आणि सोबत कुणीतरी जाणती बाई असू द्या.

जातीचं बोलणं टाळू नका. आपल्या गावांत वस्त्या वेगळ्या आहेत आणि कार्यकर्ती कुठल्या घरची हे सगळ्यांना माहीत असतं. ती बाहेरच्या कट्ट्यावरूनच बोलली, 'आत्ताच घेतला' म्हणून चहा टाळला, की पुढच्या वेळी ती बाई घरी सापडत नाही. कार्यकर्तीला हे आपण केलं असं वाटतही नसतं. सरावात मुद्दाम चहा पुढे करायला लावा आणि काय होतं ते सगळ्यांनी बघा. ज्यांना अगदीच जमणार नाही त्यांची वस्ती बदला. उपदेश करून हे आठवड्याभरात सुटणारं नाही.

भाषेचं तुमच्या प्रश्नात एकाच वाक्यात आलंय, पण सीमाभागात ते मोठं आहे. १९५६ पासूनचा सीमावाद बायकांच्या बैठकीत आणायचा नाही, हा आमचा पहिला नियम. फलक कोणत्या भाषेत, यावरून गट फुटलेला मी पाहिला आहे. कोरा कागद लावा, चित्रं लावा. मिश्र गटात बाईला ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत तिला बोलू द्या. बहुतेकींना मराठी-कन्नड दोन्ही कळतात, अडलं तर शेजारीण सांगते. त्याहून अडचणीची गोष्ट गृहपाठाची आहे. घरात मराठी, पोर कन्नड शाळेत, आई शिकलीच असेल तर मराठी चौथीपर्यंत. वहीत काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. पोर म्हणतं आज काही दिलं नाही, आठ दिवसांनी शाळेतून तक्रार येते, आणि मग मार पडतो, तो खोटं बोलल्याचा आणि तिला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं त्याचाही. इथं 'मुलाचा अभ्यास घ्या' म्हणणारी कार्यकर्ती त्या बाईच्या जखमेवर मीठ चोळते. आम्ही सांगतो, रोज पोरानं वही उघडून एक ओळ आईला वाचून दाखवायची आणि अर्थ सांगायचा. आईनं फक्त ऐकायचं. पोराला मास्तर व्हायला आवडतं, आणि वही रोज उघडली जाते.

देवदासी बायकांच्या घरांसाठी वेगळा अर्धा दिवस काढा. कर्नाटकात देवदासी वाहण्यावर १९८२ पासून कायद्यानं बंदी आहे, पण सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या बायका आणि त्यांची मुलं-नातवंडं या गावांत राहतात. 'आई-बाबा दोघांनी मिळून' या वाक्यानं सुरू होणारं सत्र त्या घरात उघडूच नका. नोंदवहीत वडिलांच्या नावाचा रकाना असेल तर तो काढून 'मुलाला सांभाळणारे' असा करा, तोही सगळ्याच घरांसाठी, म्हणजे कुणी वेगळं पडणार नाही. अज्जी सांभाळत असेल तर अज्जीच पालक. दया दाखवणाऱ्या कार्यकर्त्या इथं जास्त त्रास देतात. 'बिचारी' हा शब्द त्या बायकांना लांबून ऐकू येतो.

इथवरचा सारांश असा की गाभा आणि सराव तसाच ठेवा, रूप घराघरात बदलू द्या, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग विचारण्याच्या सरावाला द्या. यात कार्यकर्तीच्या मर्जीवर अजिबात सोडायची नाही अशी एकच बाजू आहे, ती म्हणजे धोका.

'तुमचं कुणाला सांगणार नाही' हे वाक्य कार्यकर्त्यांच्या तोंडून पहिल्या दिवशीच काढून टाका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून पहिल्या सत्रातच सांगायचं: तुमच्या घरातलं बाहेर जाणार नाही, पण लेकराच्या जिवाला धोका असेल तर आम्हाला कळवावं लागेल. हे वाक्य मी प्रत्येकीकडून मोठ्यानं म्हणवून घेते. कळवायचं कार्यकर्तीनं एकटीनं नाही. तिनं त्याच दिवशी पर्यवेक्षिकेला सांगायचं, पुढचं संस्थेनं करायचं. तिला त्याच गावात राहायचं असतं.

बालविवाहात सीमेचा घोळ असतो. निपाणीची मुलगी महाराष्ट्रात कागल-गडहिंग्लजला दिली जाते आणि लग्न तिकडेच लागतं. २००६ चा केंद्रीय कायदा दोन्हीकडे आहे. त्यात असं लग्न अल्पवयीन असलेल्या पक्षाच्या अर्जावर रद्द करता येतं. कर्नाटकानं मात्र २०१६ च्या दुरुस्तीनं ते मुळातच अवैध ठरवलं. त्यामुळे लग्न कुठे लागणार हे आधी विचारा, आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करताना गाव, तालुका, जिल्हा, राज्य सगळं सांगा, नाहीतर फोन या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत राहतो. नवरा मारत असेल तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घालायची नाही, हेही सांगून ठेवा. आपल्याकडच्या बायकांचा हात तिकडे पटकन जातो. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक द्या. आणि आई स्वतःच खचलेली दिसली, झोप नाही, खाणं नाही, पोराकडे लक्षच नाही, तर पालकत्वाचं सत्र बाजूला ठेवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

अंगणवाडीच्या बाईंना आधी भेटा. २०२४ पासून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राचा 'नवचेतना' आराखडा आला आहे. त्यात आईनं घरी मुलाशी काय काय करायचं याचं महिन्यामहिन्याचं कॅलेंडर आहे. तुमची कार्यकर्ती एक सांगते आणि अंगणवाडीची टीचर दुसरं, असं झालं तर बाई टीचरचं ऐकेल आणि ते बरोबरच आहे.

तीन दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस घ्या, मग दहा-पंधरा दिवसांची मोकळीक, त्यात प्रत्येकीनं दोन घरी जाऊन यायचं, शिकवायचं काही नाही, फक्त दिवस विचारून यायचा. हातात रजिस्टर न घेता, कारण रजिस्टर घेऊन दारात उभी राहिलेली बाई हप्तेवालीच वाटते. तिसऱ्या दिवशी त्या घरांवरूनच सराव घ्या. पहिल्या दोन दिवसांत सुपासमोर अडखळलेली बाई या दिवशी वेगळी बोलते, तुम्हालाच दिसेल.

त्यानंतर पंधरवड्यातून एकदा पर्यवेक्षिकेनं सोबत जाऊन बघायला हवं. बघताना कार्यकर्ती किती बोलली आणि आई किती बोलली एवढं टिपलं तरी पुरे. हजेरीपट भरलेला आहे पण आया बोलतच नाहीत, असे गट मला फार दिसतात. निधी देणारे पर्यवेक्षणाचा खर्च कापायला सांगतील. तेव्हा गटांची संख्या कमी करून द्या, पण या खर्चाला हात लावू देऊ नका. कार्यकर्तीचा प्रवासखर्च आणि मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल हेही लिहून घ्या. चौदा जणींना एक पर्यवेक्षिका पुरणार नाही. दोघी धरा, आणि त्यातली एक घरी कन्नड बोलणारी असू द्या.